जितीचं बारावं

"कोण गेलं, काकी?" वखारवाला विचारायचा.

"कुणी नाय रं. माझंच विचारतेय. आंब्याचं काय लावलंस यंदा?"

खोपोलीच्या रस्त्यावरच्या त्या लाकडाच्या वखारीत मी तिच्याबरोबर पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही. ती ओंडक्यांवर काठी आपटून आवाज ऐकत होती. ओलं लाकूड काट्यावर जड भरतं आणि चितेवर रडत बसतं, म्हणजे दोन्हीकडून आपलंच नुकसान, असं तिचं म्हणणं. ऐनाचं सरपण चांगलं, पण ऐनावर श्रीमंतानं जावं. आपल्याला आंबा बरा. हे सगळं ती मेथीची जुडी परतून बघावी तशा आवाजात बोलत होती.

वखारवाल्यानं भाव सांगितला.

"मागच्या साली कमी होता."

"मग मागच्या साली मरायचं होतंस, काकी. स्वस्तात पडली असतीस."

दोघं पोटभर हसली. मी हसले नाही. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते, आणि घरमालकिणीच्या सरणाचा भाव करायला तिच्याबरोबर जाणं हा भाड्याचाच एक भाग आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं.

खालापूरच्या अलीकडे, हायवेला लागून तिचं गाव. तिच्या घराच्या पडवीत विटांची एक भिंत घालून खोली काढली होती, तिथं मी पदवी होईपर्यंत राहिले. आमची वाडी कर्जतच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तिथून कॉलेजला रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. वाडीत माझ्याआधी कुणी बारावी पास झालं नव्हतं. आता मी बी. कॉम. आहे आणि कर्जतला एका पतसंस्थेत खुर्चीवर बसून नोकरी करते. हे मी कुठंही सांगते, आणि सांगताना आवाज खाली करत नाही.

पहिल्या दिवशी काकीनं मला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. दुसऱ्या दिवशी तोच कप. मग माझ्या लक्षात आलं की तो कप बाकीच्या कपांबरोबर फळीवर जात नाही. तो मोरीच्या कट्ट्यावर वेगळा पालथा असतो. डोंगरातल्या पोरीचा कप. मी त्यातच चहा पीत राहिले. खोली स्वस्त होती आणि मला शिकायचं होतं. पण विसरलेही नाही, आणि आता ती नाही म्हणून हे गाळणारही नाही.

तिला एक खोड होती, त्यापायी लोक तिला बघून रस्ता बदलायचे. कुणीही समोर आलं की ती त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळायची आणि त्याला लाकूड किती लागेल ते सांगायची. "तुला तीन क्विंटल पुरंल." "वाळलास रं तू. होळीला बघितला तवा चार लागलं असतं." अंगणवाडीच्या बाईंपासून डाकवाल्यापर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही. बाई पोटुशी असली तर मात्र तोंड फिरवायची, तेवढा पाचपोच होता.

तिचा मुलगा साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदारासाठी माणसं पुरवायचा आणि उरलेल्या वेळात एका पुढाऱ्याच्या मागं फिरायचा. एका दिवाळीला तो पुढारी मिठाईचा डबा घेऊन दारात आला. चांगला भरलेला माणूस. काकीनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं, दोनदा आडवा-उभा बघितला आणि म्हणाली, "साहेब, तुमाला लाकडाचं नाय परवडायचं. तुमी आपलं गॅसवर जा."

निवडणूक जवळ होती म्हणून साहेब हसले. मुलगा हसला नाही. तो पुढच्या खोल्यांमध्ये राहायचा, चूल वेगळी. त्या दिवसापासून त्यानं मधल्या दाराला आतून कडी घातली.

ती स्वतः अर्धी भाकरी खायची. मी म्हणायचे, "काकी, अजून घ्या." ती म्हणायची, "कशाला भर घालू गं? सरपण माझ्या पोरीलाच आणायला लागंल."

पोर म्हणजे तिची मुलगी. मी तिला ताई म्हणते. ती मागच्या सोप्यात राहायची आणि कुंभिवलीच्या एका ढाब्यावर भाकऱ्या भाजायची. सगळ्या गोष्टीचं मूळ तिच्यापाशी होतं.

काकीचा नवरा वारला तेव्हा देवळाच्या ओट्यावर गावकी बसली. गावकी म्हणजे गावातल्या घरांची बैठक. कुणाच्या लग्नाला किती माणूस जेवायचं, कुणाच्या मयताला किती, कोण गावात आणि कोण गावाबाहेर, ते तिथं ठरतं. ठरवणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, म्हणून मोकळ्या हातानं ठरतं. त्यांनी ठरवलं की बारावं घराला साजेसं व्हावं. सगळं गाव, पाहुण्यांची दोन गावं, प्रवचनाला महाराज आणि महाराजांच्या गाडीचं पेट्रोल. काकीच्या हातातल्या पाटल्या गेल्या. त्या ताईच्या लग्नासाठी ठेवलेल्या होत्या. मग ताईचं लग्न जसं जमलं तसं उरकलं. काही न मागणारा नवरा मिळाला तो पिणारा निघाला, आणि एका सकाळी टेंपोत बसून गेला तो आजवर आलेला नाही.

"माझ्या पोरीच्या पाटल्या गावानं जिलेबीशी लावून खाल्ल्या," काकी म्हणायची. कुणी जिलेबी पुढं केली की ताट सरकवून उठायची.

आता तिच्या गळ्यात एक बोरमाळ उरली होती. ती तिला ताईला द्यायची होती. द्यायला काय लागतं, काढायची आणि द्यायची, असं मला वाटायचं. एकदा म्हटलंही.

"येडी हायेस तू," ती म्हणाली. "म्हातारीच्या अंगावरचं सोनं म्हातारीच्या मातीला. आमच्यात तसं हाय. ज्यानं सोनं घेतलं त्यानं बारावं घालायचं. आज हिच्या गळ्यात घातली तर मी मेल्यावर गाव हिच्या दारात बसंल. हिनं गाव जेवू घालायचं म्हणजे माळ परत सोनाराकडं. मग दिली काय नि नाय दिली काय!"

म्हणजे माळ वाचवायची तर आधी मरणाचा खर्च मारायला हवा. म्हणून ही सगळी वणवण.

तिच्याबरोबर मी कुठं कुठं गेले! सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या पोरी माथेरानला जायच्या, मी शहरातल्या गॅसच्या स्मशानात. तिथला माणूस म्हणाला, "आजी, माणूस आणल्याशिवाय इथं कुणी येत नाय."

"जो माणूस आणतो तो रडत असतो. त्याला भाव करायची शुद्ध नसती. म्हणून आधी आले."

त्यानं डोकं खाजवलं आणि सगळं सांगितलं. फी अगदी थोडी, पण गावातून न्यायला गाडी हवी, गाडीवाला परतीचं भाडंही धरतो, आणि राख लगेच मिळत नाही. काकीनं आत वाकून भट्टी बघितली. "सोय चांगली हाय," म्हणाली. "बघणाऱ्याला बसायला जागा नाय, म्हंजे माणसं लवकर घरी जातील."

मग पुरण्याचं काय, हे विचारायला ती एका जेसीबीवाल्याकडे गेली. तो तासावर पैसे घेणार. "माणसाच्या खड्ड्याला तास कुठं लागतो?" ती. "नाय लागत. पण तासाच्या खाली यंत्र हलत नाय," तो. त्यावर तिनं सुचवलं की गावात आणखी कुठं खोदकाम असेल त्याच दिवशी आपलंही उरकून घ्यावं. जेसीबीवाल्यानं तिला चहा पाजून घालवलं. भटजींकडे साधं, मधलं आणि सगळं असे तीन प्रकार निघाले. तिनं विचारलं, "साध्यात जीव अडकतो का?" भटजी म्हणाले, "तसं नाही." "मग मधलं कशाला ठेवलंय?"

नव्या मुंबईकडच्या एका वैद्यकीय कॉलेजला मी तिच्यासाठी फोन लावला. देहदान. खर्च काही नाही, वर घरच्यांना आभाराचं पत्र. मी आनंदानं सांगितलं.

"नि जेवण?"

"कसलं जेवण, काकी? देहच दिला."

"गाव म्हणंल, देह दिला तो दिला, बारावं कुठाय? लाकडावर जा, गॅसवर जा, मातीत जा, पोरांना कापायला दे. कसंही गेलं तरी शेवटी पंगत हायेच. जाळायचा खर्च माणसाचा असतो गं. जेवणाचा खर्च गावाचा."

मग तिनं मला विचारलं, "तुमच्या वाडीत काय करतात?"

"घरटी एक लाकूड आणि ओंजळभर तांदूळ आणतात."

"नि जेवण?"

"त्याच तांदळाचं."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "मग मी तुझ्या वाडीत येऊन मरते."

"या की," मी म्हटलं. "आमच्याकडं वेगळा कप नाही."

ती उठून आत गेली. दुसऱ्या दिवशी चहा त्याच कपात आला. पण काठोकाठ भरून आला.

मी शेवटच्या वर्षाला असताना तिला धाप लागायला लागली. पायांना सूज. डॉक्टरनं मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय कामातून गेलंय, पुढची दिवाळी कठीण आहे. मुलानं ते बायकोला सांगितलं, बायकोनं विहिरीवर, आणि विहिरीवरून ते काकीकडं आलं. ती रडली नाही. तिनं कणगीत किती भात आहे ते बघितलं.

भात झोडून नुकतं घरात आलं होतं. वाल निघाले होते. "मेलेलं माणूस हंगाम बघून मरत नाय," ती म्हणाली, "म्हणून महाग पडतं. जितं माणूस हंगाम बघतं." आणि ती काठी टेकत देवळाच्या ओट्यावर गेली, गावकीसमोर उभी राहिली, आणि म्हणाली की मला माझं बारावं आत्ता घालायचंय, मी असताना.

आधी सगळे हसले. मग नाना म्हणाले, "असं कुठं असतं का, वहिनी?" नाना म्हणजे गावकीतले मोठे, तिच्या नवऱ्याच्या चुलतभावांपैकी.

"नसतं तर नसू दे. जेवण हवंय का नको? आता जेवलात तर मेल्यावर मागायचं नाय. मेल्यावर हवं असंल तर आत्ता मिळायचं नाय, नि तवा कोण घालंल ते मला दिसत नाय."

नाना हिशेबी माणूस. हातातलं सोडून पळत्याच्या मागं कोण लागेल? गावकीनं हो म्हटलं. मुलगाही खूश, कारण त्याच्या खिशाला तोशीस नव्हती.

ते जेवण मी विसरणार नाही. घरच्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, शेवयांची खीर. जिलेबी नाही, महाराज नाहीत, मांडवसुद्धा नाही, आंब्याखालीच पंगत. ताईनं एकटीनं रांधलं होतं. काकी खाटेवर बसून बघत होती, नाकपुड्या फुलवून श्वास घेत. पहिल्या पंगतीची माणसं बसायला लागली तेव्हा तिनं मला हाक मारली आणि नानांच्या शेजारच्या पानाकडे बोट दाखवलं.

नाना अंग चोरून म्हणाले, "ही? ही बसते आपल्यात?"

"माझ्या मयताला ही येणार. तू येशील का नाय ते तुझं तुला म्हाईत. बस गं तू."

मी बसले. ताठ बसले. नानांनी पान जरा पलीकडं सरकवलं, पण उठले नाहीत, कारण बिरड्याचा वास सुटला होता. त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

पंगत उठायच्या आधी काकीनं तांब्या फिरवला. प्रत्येकाच्या तळहातावर पाणी, आणि प्रत्येकानं बोलायचं, "काकीच्या बाराव्याचं मी जेवलो." काही हसत म्हणाले, काही पुटपुटले, पण म्हणाले सगळे. नाना म्हणाले. मीही म्हणाले. मग तिनं सगळ्यांदेखत बोरमाळ काढली आणि ताईच्या गळ्यात घातली. ताईचे हात बिरड्याचे होते, तिला ती नीट धरताही येईना.

"झालं," काकी म्हणाली. "आता मी मोकळी."

आणि मग ती मेली नाही.

दिवाळी आली आणि गेली. सूज उतरली. शहरातल्या दुसऱ्या एका डॉक्टरनं गोळ्या बदलल्या होत्या, तेवढंच. मला पदवीचा कागद मिळाला, पेढे घेऊन गेले, ती अंगणात वाल सोलत होती. वर्षं गेली. गाव तिला चिडवायचं. "काय काकी, तुझ्या बाराव्याला जेवून आमाला ढेकर येऊन गेले, तू अजून हायेस?" ती म्हणायची, "जेवण पचलं ना रं तुला? मग मीच कशी पचत नाय?"

हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. पण एका लग्नाच्या हळदीला तिला बोलावणं आलं नाही. मग दुसऱ्या. कुणीतरी म्हणालं की जिच्या नावाचं बारावं झालं ती मांडवात कशी चालेल? ते शहाणपण गावाला पटलं. बारशाला नको, साखरपुड्याला नको, नव्या घराच्या वास्तूला नको. ज्यांनी तिचं बिरडं दोनदा घेतलं होतं, त्यांच्या दारात तिला उंबऱ्याबाहेर चहा यायला लागला.

मी एका रविवारी गेले होते तेव्हा तिनं स्वतःच चहा केला. मला फळीवरचा धड कप दिला, आणि स्वतःला मोरीच्या कट्ट्यावरचा कान तुटलेला घेतला.

"हा आता माझा," म्हणाली.

मला गंमत वाटली नाही आणि खोटं कशाला बोलू, वाईटही वाटलं नाही. मी चहा प्यायले. बरं झालं, तिला कळलं, एवढंच मनात आलं. मग तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "तुला अजून अडीचच लागंल. जेवत नायेस का कर्जतला?" तेव्हा मात्र मी उठून दोन्ही कप विसळले.

ती गेली तो दिवस साधा होता. दुपारी ताईचा फोन आला, पतसंस्थेतून तशीच निघाले, मिळाली ती एस.टी. धरली. पोचले तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. तिरडीचे बांबू भिंतीला तसेच उभे होते, बांधायला कुणी हात लावला नव्हता. गावातले पुरुष आंब्याखाली बसले होते. तिथंच पंगत बसली होती तेव्हा.

"थांबलेत कशाला?" मी ताईला विचारलं.

तिनं भावाकडं बघितलं. तिचा भाऊच बोलला. आता त्याच्या नावामागं पक्षाचं काहीतरी पद लागलं होतं. "बाराव्याचं ठरल्याशिवाय गावकी उठत नाय."

"बारावं झालंय."

"ते जितीचं होतं," आंब्याखालून नाना म्हणाले. ते आता खूप म्हातारे झाले होते, पण आवाज होता. "जितीचं बाराव्यात धरत नाय."

"हातावर पाणी घेतलं होतंत, नाना."

"घेतलं होतं. मी घेतलं होतं. पण ह्या पोरांनी कुठं घेतलंय?" त्यांनी मागं बसलेल्या तरुणांकडं हात केला. "ही तवा लहान होती. त्यांच्या बायका ह्या गावात आल्या नव्हत्या. अर्धी जेवणारी मेली. आज जे गाव हाय त्यानं काय खाल्लंय वहिनीचं?"

काकीनं सगळ्याची चौकशी केली होती. लाकडाची, गॅसची, जेसीबीची, भटजीची. गाव बदलतं आणि नव्या गावाला पुन्हा भूक लागते, हे तेवढं तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

मग मी म्हटलं की असं अडवणं गुन्हा आहे. कायदा आहे याला. मी आत्ता पोलिसांना फोन करू शकते.

भाऊ शांतपणे म्हणाला, "करा की. पण मॅडम, कायदा खांदा द्यायला येत नाय." मग आवाज उतरवून, "नि मला पण बघा. उद्या साहेब येणार भेटायला. आईचं बारावं नाय केलं म्हटल्यावर माझं काय राहिलं?"

"मग तुम्ही करा."

"सोनं तिच्याकडं गेलंय," तो म्हणाला. ताईकडं बघितलंसुद्धा नाही.

मी ताईला घरात ओढलं. म्हटलं, गाडी बोलावू. शहरात नेऊ, गॅसवर. काकीनं स्वतः बघून ठेवलंय सगळं. आपण दोघी आणि गाडीवाला पुरे. नकोच यांचा खांदा.

तिनं ऐकून घेतलं. मला वाटलं, हो म्हणेल.

"तू संध्याकाळच्या गाडीनं कर्जतला जाशील," ती म्हणाली. "मला इथंच पाणी भरायचंय."

तिनं पदराआडून बोरमाळ काढली. इतकी वर्षं ती पदराखालीच असायची, ढाब्यावर भाकऱ्या भाजतानाही. ती बाहेर गेली आणि नानांच्या पुढ्यात, आंब्याच्या मुळावर, ठेवली. मग पुरुष उठले. बांबू बांधायला अजिबात वेळ लागला नाही.

सरणाला लाकूड आंब्याचंच होतं. ओलं निघालं. वाऱ्यानं धूर गावात आला तेव्हा मला वखारवाल्याला शिव्या द्यायला ती हवी होती.

बाराव्याला मी गेले. जाणार नव्हते, पण काकीनं पंगतीत माझ्याकडं बोट करून सांगितलं होतं की ही येणार. हायवेपासूनच फ्लेक्स लागले होते. साहेबांचा फोटो मोठा, हात जोडलेला. मुलाचा त्याच्या खालोखाल. काकीचा कोपऱ्यात, वाटोळ्या चौकटीत, कधीच्या तरी लग्नातला. त्या फोटोत तिच्या गळ्यात बोरमाळ होती. गावात आता तेवढीच उरली होती.

मांडव होता, खुर्च्या होत्या, बंद बाटल्यांतलं पाणी होतं. महाराजांनी गोड आवाजात सांगितलं की सोनंनाणं सगळं इथंच राहतं, बरोबर काही येत नाही. लोकांनी माना डोलावल्या. पलीकडच्या चुलाणावर जिलेबी पडत होती. तिच्या नावानं.

पहिली पंगत बसली. नानांना उचलून आणून भिंतीशी टेकवून बसवलं होतं. त्यांनी मला ओळखलं. शेजारच्या पानावर हात थोपटला, अगदी मायेनं. "बस गं पोरी. आता तू काय परकी हायेस? मोठ्या जागी काम करतेस."

"नको, नाना. मी जेवलेय."

"कधी जेवलीस? आत्ता तर आलीस."

"तुमच्याच शेजारच्या पानावर. बिरडं होतं. तुम्ही दोनदा घेतलं होतं, आणि पान पलीकडं सरकवलं होतं."

पंगतीत दोन-चार चेहरे वर आले. नानांनी माझ्याकडं बघितलं, मग पानाकडं. वाढपी तिथं पोचला होता. "भात कमी घाल रं," नाना म्हणाले, "जिलेबीला जागा ठेव." आणि जेवायला लागले.

मी घराला वळसा घालून मागच्या दारी गेले. ताई मोठ्या पातेल्यात हात घालून बसली होती. गळा उघडा होता. माळ जिथं असायची तिथं कातडी जरा उजळ होती.

"जेवलीस?" तिनं विचारलं.

"नाही."

"जेव की. माझ्याच गळ्यातलं हाय."

"मी शब्द दिलाय, ताई. पाणी हातावर घेऊन."

ती पातेलं घासत राहिली. मला वाटलं, रागावली. मग म्हणाली, "मी पण नाय जेवले. मी पण तवा शेवटच्या पंगतीला बसले होते." तिनं हात धुतले, पदराला पुसले. "चहा घेशील? चहा तवा नव्हता."

ती आत जाऊन दोन कप घेऊन आली. एक धड, एक कान तुटलेला. कुठला कुणाला द्यावा म्हणून ती दारातच थबकली. मी पुढं होऊन कान तुटलेला घेतला. तो काकीचा होता.

आम्ही मोरीच्या कट्ट्यावर बसलो. मांडवातून कुणीतरी ओरडलं, "ए ताई, जिलेबी संपली गं इकडं! घेऊन ये!"

ताईनं चहा फुंकला. उठली नाही.